पाऊस चालू असतानाच पाणी उतरलं कसं?

प्रश्न पुण्याच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: जुलैमध्ये ते घरच्यांसह गोव्यात, बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या एका रिसॉर्टमध्ये चार दिवस राहिले. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. सकाळपासून पाऊस होता, पण साडेदहापर्यंत अंगण नुसतं ओलं होतं. बाराच्या सुमारास हिरवळीवर पाणी दिसू लागलं, दीडला ते पोटऱ्यांपर्यंत आलं आणि न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज करत घाण पाणी वर आलं. पाचला पाऊस सकाळपेक्षा जोरात होता, तरी पाणी आपोआप उतरलं. दुसऱ्या दिवशी पाऊस निम्माही नव्हता, पण दोनच्या आगेमागे पाणी पुन्हा वीतभर चढलं. मॅनेजर म्हणाला, "असा पाऊस पंचवीस वर्षांत झाला नव्हता." शेजारीच नवा प्रकल्प उभा राहतोय, त्यात कॉटेज घ्यायचा त्यांचा विचार आहे. विकणारे सांगतात की नव्या प्लॉटवर पाच फूट भराव घालणार, त्यामुळे तिथं हा त्रास होणार नाही. हे पावसामुळं झालं की बांधकामामुळं, आणि कॉटेज घ्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बार्देशचाच. गेली २८ वर्षं पाया, पाण्याचा निचरा आणि सांडपाणी ही कामं करतो, त्यातली बरीचशी किनाऱ्यालगतच्या हॉटेलांची. तुम्ही वेळा लिहून ठेवल्या हे फार बरं केलंत. बहुतेक लोक "खूप पाणी आलं हो" एवढंच सांगतात, आणि मग मला शेजारपाजारी विचारत फिरावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वेळांमध्येच आहे.

आधी पावसाचं बघू. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार'. आमच्याकडे शंभर मिलिमीटरचा दिवस म्हणजे आक्रीत नव्हे; एखाददुसरा असा दिवस आला नाही तर शेतकरीच काळजीत पडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी निम्म्या पावसातही पाणी चढलंच, म्हणजे 'पंचवीस वर्षांतला पाऊस' हे कारण तिथंच गळून पडलं. मॅनेजर मुद्दाम खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. त्याला वरून जे सांगितलं जातं तेच तो पाहुण्यांना सांगतो.

आता वेळा बघा. पाणी बाराला चढू लागलं, दीडला सगळ्यात जास्त, पाचपर्यंत उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास उशिरा चढलं. पाऊस असं घड्याळ पाळत नाही. भरती पाळते. आपल्या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं मागं पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा ओहोटी आणि भरती यांतला फरक आमच्याकडे दोन मीटरच्या आसपास जातो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तो बराच कमी असतो. तुम्ही गेलात ते नेमके उधाणाचे दिवस. दुपारी खाडीचं पाणी वर आलं, अंगणातल्या पाण्याची वाट बंद झाली. संध्याकाळी ओहोटी लागली, वाट उघडली, म्हणून भर पावसात पाणी उतरलं.

म्हणजे खरा प्रश्न 'पाऊस किती पडला' हा नाही. खाडीचं तोंड पाच-सहा तास बंद असताना पडलेल्या पावसानं थांबायचं कुठं, हा आहे. आमच्या पूर्वजांनी हाच प्रश्न सोडवला होता, आणि तो कसा ते कळल्याशिवाय तुमच्या रिसॉर्टचं काय बिघडलंय ते कळणार नाही. म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

बार्देशच्या किनाऱ्यावर समुद्राकडून गावाकडं चालत या. आधी पुळण, मग वाळूचे उंचवटे, त्यांवर मर्यादवेल आणि केवडा. त्यामागं माडांची भाटं. या उंच पट्ट्यांच्या मधे आणि मागं सखल जमीन लागते. काही ठिकाणी ती रेताड भातशेती आहे, आणि खाडीच्या अंगाला खाजन, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेतजमीन, आणि मिठागरं. जुनी घरं, देवळं, चर्च कुठं आहेत ते मुद्दाम पाहा. सखल भागात सहसा सापडणार नाहीत. बहुतेक उंचवट्यावर, नाहीतर डोंगराच्या पायथ्याशी. सखल जागा पाण्यासाठी सोडलेली होती, आणि त्या पाण्यातच भात पिकवायचा होता.

खाजनाची रचना तर बघत राहावी अशी. खाडीच्या कडेनं मातीचा आणि जांभ्या चिऱ्यांचा बांध, खाडीच्या बाजूला बांधाला आधार देणारी कांदळवनं. बांधात एका ठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचं दार. त्याची लाकडी झडप वरून टांगलेली असते. बाहेर भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून धरतं, दार आपोआप बंद. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. दार बंद असलेल्या तासांत आतलं पाणी साठायला मानशीच्या आत खोलगट जागा असते, तिला पोंय म्हणतात. ती भरली तर पाणी शेतात पसरतं. तिथला कोरगुट भात खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो. गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, आणि शेतकऱ्यांचे भोंस, म्हणजे संघ, हे बांध राखायचे. झडपेची एक फळी कुजली तरी खारं पाणी आत येणार आणि सगळ्यांचं पीक जाणार, म्हणून राखणं भागच होतं. लहानपणी मी आजोबांबरोबर मानशीवर जात असे. ओहोटी लागताना झडप आधी थरथरायची, मग कडेनं पाण्याची पातळ चादर सुटायची, आणि मग एकदम दार उघडून लाल पाणी धो धो खाडीत. निचरा म्हणजे काय ते मी महाविद्यालयाच्या आधी तिथं शिकलो.

आता हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. शंभर मिलिमीटरच्या दिवशी एका एकरावर चार लाख लिटर पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. मेरेनं, म्हणजे शेताच्या बांधानं, वेढलेल्या एक एकर शेतात वीतभर पाणी उभं राहिलं, तर तिथं नऊ लाख लिटरच्या आसपास मावतं. म्हणजे ते शेत स्वतःवरचा दिवसभराचा पाऊस सांभाळून शेजारच्या एकराचाही पाऊस पोटात घेत होतं, ओहोटी लागेपर्यंत. त्या शेतावर भराव घातला की ही साठवण शून्य होते. वर छपरं, फरशी, गाड्या लावायला काँक्रीट आलं की मुरणंही बंद. पाणी मात्र तेवढंच पडतं. ते मग न भरलेल्या शेताकडं, जुन्या वाड्याच्या अंगणाकडं किंवा आधी बांधलेल्या, आता खाली राहिलेल्या रिसॉर्टकडं जातं. तुम्ही राहिलात ते रिसॉर्ट बहुधा या तिसऱ्या गटातलं.

म्हणूनच पाच फूट भरावाचं आश्वासन मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यानं तुमच्या प्लॉटवर पाणी उभं राहणार नाही, हे खरं असू शकतं. पण तेच पाणी तुम्ही रिसॉर्टच्या ज्या पायरीवर उभे होतात तिच्यावर आणखी चढेल. आणि उद्या तुमच्या शेजारच्यानं सहा फूट भराव घातला की खालची पायरी तुमची. दुसरं असं की भराव ज्यावर बसतो ती माती काय आहे? काही वर्षांपूर्वी अशाच एका जागी भेगा पडल्या म्हणून मला बोलावलं होतं. भिंतीलगत खड्डा घेतला. वरचे चार फूट तांबडा मुरूम, कोरडा, ठाकठीक. त्याखाली एकदम काळपट राखाडी चिखल, सडक्या अंड्याचा वास. मजुरानं फावड्यावर एक ढेकूळ वर काढलं, तर त्यात भाताची धसकटं रांगेनं उभी होती, लावणीच्या ओळीत, मुळांसकट. कापणी झाली, त्याच उन्हाळ्यात वर मुरूम ओतला, मधला थर काढलाच नाही. असा मऊ चिखल वरच्या वजनानं वर्षानुवर्षं दबत राहतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर घातलेले खांब, घेऊन खालच्या कठीण थरावर इमारत उभी केली तर ती टिकते, पण अंगण, रस्ता, गटारं आणि सांडपाण्याचे पाइप खचतात. इमारत जागेवर आणि पाइप खाली गेला की सांधा तुटतो. आत राहणाऱ्याला ते वर्षभर कळतही नाही.

न्हाणीघरातल्या पाण्याचं कारणही जमिनीखालीच आहे. सेप्टिक टँकमधून येणारं पाणी शोषखड्ड्यातून मातीत मुरायचं असतं. पावसाळ्यात भूजल वर येतं, वाळूत तर ते फूट-दोन फुटांवर असतं. खड्ड्याभोवतीची माती आधीच भिजलेली असेल तर पाणी मुरेल कुठं? ते आल्या वाटेनं मागं सरतं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून, म्हणजे तळमजल्याच्या न्हाणीघरातून, वर येतं. तुम्हाला दिसलं ते एवढंच. न दिसलेली बाब जास्त गंभीर आहे: त्या दिवसांत तो खड्डा आणि आजूबाजूच्या विहिरी एकाच पाण्यात उभ्या असतात. वाळूतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच पीत आले. आज त्यातल्या कित्येक विहिरींवर टँकर उभे राहतात.

तुम्ही पोहण्याच्या तलावाबद्दल विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो, कारण ही चूक अनेकदा घडते. एका हॉटेलानं सफाईसाठी जुलैत तलाव रिकामा केला. सकाळी फोन आला की तलाव 'वर आलाय'. जाऊन पाहिलं तर खरंच एका बाजूनं चार बोटं उचलला होता, कडेच्या फरश्या फुटून उभ्या राहिल्या होत्या. दहा बाय पाच मीटरचा, दीड मीटर खोल तलाव. काँक्रीटचं वजन पन्नास टनांच्या आत, आणि भूजल जमिनीलगत आलं तर खालून पाण्याचा दाब पंच्याहत्तर टनांहून जास्त. रिकामी होडी तरंगते तसा तो तरंगला. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, पण चालू आहे का ते कोणी बघत नाही. पावसाळ्यात तलाव भरलेलाच ठेवायचा. कॉटेजच्या देखभाल खर्चात हा तलाव तुमच्याही माथी येणार असेल तर हे आधी विचारा.

पंप लावले तर? सुरुवातीच्या वर्षांत मीही हाच सल्ला दिला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पंपानं अंगणातलं पाणी उपसून कुंपणापलीकडच्या शेतात सोडलं. रेताड जमीन, तासाभरात तेच पाणी खालून परत. रात्रभर तेच पाणी गोल फिरत राहिलं आणि पलीकडच्या शेतकऱ्याचा तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, कुजला. तरवा गेला की त्या वर्षाची लावणी गेली. तेव्हापासून पाणी शेवटी कुठं जाणार हे कागदावर दाखवल्याशिवाय मी पंपाचं नाव घेत नाही.

कागदपत्रांबद्दल. विकणारे म्हणतील की ही जागा 'पाणथळ' नाही, आणि कागदावर ते खरं ठरू शकतं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत भातशेती आणि मिठासाठी तयार केलेल्या जागा पाणथळ धरलेल्या नाहीत. म्हणून 'पाणथळ नाही' या वाक्यावर जाऊ नका. तीन गोष्टी मागा. पहिली, 'एक-चौदा'चा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि जुना सर्व्हे नकाशा. पिकाच्या रकान्यात भात किंवा खाजन लिहिलंय का बघा. दुसरी, जमीन रूपांतराची सनद आणि ती नेमक्या किती चौरस मीटरला आहे. अनेकदा सनद पुढच्या तुकड्याची असते आणि बांधकाम मागच्या शेतावर सरकलेलं असतं. तिसरी, सखल जमिनीत भराव घालायची नगरनियोजन खात्याची परवानगी. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातलं कलम १७-अ नेमकं डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं यासाठीच आहे. जागा खाडीच्या भरतीच्या प्रभावाखाली येत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम, लागू होतात, आणि २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यातल्या खाजन जमिनीत विकासकामांना परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे सगळं तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. प्रकल्पवाल्यांनी सुचवलेल्या वकिलाकडून नको.

काही गोष्टी जागा पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि त्यांनी उत्तर बदलू शकतं. प्लॉट खरोखर वाळूच्या उंचवट्यावर असेल आणि फक्त मागची बाग सखल असेल, तर चित्र वेगळं. खाडीपर्यंतचा व्हाळ, म्हणजे ओढा, मोकळा असेल, रस्त्याखालच्या मोऱ्या पुरेशा रुंद असतील, तर निम्मा त्रास कमी होतो. किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता हाच आमच्याकडे मोठा बांध होऊन बसलाय. त्याखालची एक मोरी बांधकामाच्या मातीनं बुजली की वरची अख्खी वस्ती पाण्यात. आणि जवळची मानस अजून कोणी राखतं का, यावर फार काही अवलंबून आहे. चांगली बांधकामंही मी पाहिली आहेत. एका ठिकाणी मालकानं सखल भाग मुद्दाम तसाच ठेवला, खोल्या उंचवट्यावर आणि खांबांवर घेतल्या, खालून पाणी जाऊ दिलं. खोल्या कमी झाल्या. पण उधाणाच्या भरपावसातही तिथल्या पाहुण्यांना फक्त बेडकांचा आवाज येतो.

आतापर्यंतचं एकत्र करून माझं मत सांगतो. तुम्ही पाहिलेलं पाणी पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्याचं होतं, जे दर पावसाळ्यात अनेकदा होणार. ते अंगणात आलं, कारण त्याची थांबायची जागा भरली गेली आहे. नवा भराव ती जागा आणखी कमी करणार. या परिस्थितीत मी माझ्या बहिणीला तिथं कॉटेज घेऊ देणार नाही. तुम्हीही घेऊ नये असं मला वाटतं. बुकिंगची रक्कम दिली असेल तर परत मिळवायचा प्रयत्न आत्ताच करा, ताबा घेण्याआधी.

तरीही कॉटेज सोडायला मन होत नसेल, तर दोन गोष्टी करा. पहिली: प्लॉटवर आजच एक मीटर खोल खड्डा खणायची परवानगी मागा. खाली काळा, वासाचा चिखल, शिंपले किंवा भाताची मुळं लागली की ते शेत होतं, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. खड्ड्यात खुणा केलेली काठी उभी करा आणि दुसऱ्या दिवशी पाणी कुठवर आलं ते बघा. खणू देत नसतील तर तेही एक उत्तरच समजा. शिवाय कुंपणालगतच्या न भरलेल्या जागेत काय उगवलंय ते पाहा. लव्हाळा आणि पाणकणीस दिसलं तर तिथं वर्षातले बरेच महिने पाणी उभं असतं.

आणि पुन्हा कधी अशा पाण्यात सापडलात तर मुलांना त्यात खेळू देऊ नका. बागेतले दिवे आणि पंपाच्या वायरी त्याच पाण्यात असतात. सांडपाणी मिसळलेलं असतं, उंदरांचं मूत असतं, पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती. चालावंच लागलं तर नंतर पाय साबणानं धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हे पाणी आवर्जून सांगा.

वरच्या दोन गोष्टींतली दुसरी: पंचांगात अमावास्या किंवा पौर्णिमा बघून जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस या. हॉटेलात उतरायची गरज नाही. भरतीची वेळ आधी पाहून ठेवा आणि भरतीच्या अर्धा तास आधी प्लॉटजवळच्या मोरीवर छत्री घेऊन उभे राहा. पाण्यात एखादं सुकं पान टाका. ते खाडीकडं जातंय, जागेवर थांबलंय, की प्लॉटकडं येतंय, ते बघा आणि मला कळवा.